माफी नव्हे, सूट : चंबळच्या बागींचे समर्पण आणि कायद्याची साखळी

आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत चंबळच्या डाकूंचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, "विनोबांनी त्यांचं मन पालटलं." दुसरं, "जेपींनी त्यांना माफी मिळवून दिली." पहिल्या वाक्याबद्दल मी बोलणार नाही, मन पालटलं की नाही हे ज्याचं त्याला ठाऊक. दुसरं वाक्य मात्र सरळ चूक आहे. १९७२ च्या समर्पणात कुणालाही माफी मिळाली नाही. खटले चालले, शिक्षा झाल्या, माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात राहिली. मिळाली ती सूट. माफी आणि सूट यांत फरक काय, हे नीट पाहिलं तर त्या प्रसंगाचा इतिहासही वेगळा दिसू लागतो.

समर्पणाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत : गांधीजींची तसबीर, समोर रायफलींचा ढीग, मोठाल्या मिशांची माणसं हात जोडून उभी. पण तो एका दिवसाचा कार्यक्रम. त्याच्या आधी आणि नंतर पाच ठिकाणची चाकं फिरावी लागतात : कायदा करणारं विधिमंडळ, पकडणारे पोलीस, न्याय करणारं न्यायालय, ठेवून घेणारा तुरुंग, आणि बाहेर सोडल्यावर नजर ठेवणारी व्यवस्था. चंबळमध्ये तीनदा असा प्रयोग झाला : १९६०, १९७२ आणि १९८२-८३. या निबंधात मी तिन्ही प्रयोग याच दृष्टीने पाहणार आहे. कोणतं चाक फिरलं, कोणतं अडलं, एवढाच प्रश्न.

तीन राज्ये आणि एक बीहड

चंबळ, क्वारी आणि सिंध या नद्यांनी कापून काढलेल्या घळींना आपण बीहड म्हणतो. एका बाजूला भिंड-मुरैना, दुसरीकडे धौलपूर, तिसरीकडे आग्रा आणि इटावा. संस्थानी काळात यातलं भिंड-मुरैना शिंद्यांचं, धौलपूर वेगळं संस्थान, आणि आग्रा-इटावा इंग्रजी मुलूख. १९४८ मध्ये ग्वाल्हेर मध्यभारतात गेलं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला नव्या मध्य प्रदेशात. नकाशावरची नावं बदलली, पण तीन सरकारांच्या सीमा याच घळींत एकमेकींना भिडतात ही गोष्ट काही बदलली नाही. बागी रात्रीतून नदी ओलांडायचा. पोलीस शिपायाला मात्र पलीकडच्या ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागायचा.

कायदा सगळीकडे एकच होता. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३९१ प्रमाणे पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. कलम ३९५ खाली त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. दरोड्यात कुणा एकानेही खून केला तर कलम ३९६ खाली टोळीतला प्रत्येक जण फाशीला पात्र. हे शेवटचं कलम लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी बोलणी याच्याभोवती फिरली. ज्या माणसाने स्वतः गोळी झाडलेली नाही, पण टोळीत उभा होता, त्याच्याही डोक्यावर फाशी लटकत होती. असा माणूस बंदूक खाली का ठेवील? घळीत मेला काय आणि फाशीवर मेला काय, त्याचा हिशेब सारखाच. कायदा कडक करत गेलं की गुन्हेगार भितो, हे खरं. पण परतीची वाट पुरती बंद झाली की तो शेवटपर्यंत लढतो, हेही तितकंच खरं.

१९६० : साधू आला, कचेऱ्या तयार नव्हत्या

मानसिंह १९५५ मध्ये मारला गेला. त्याचा मुलगा तहसीलदारसिंह नैनीच्या तुरुंगात फाशीच्या शिक्षेवर होता. त्याने विनोबांना पत्र लिहिलं. विनोबा तेव्हा काश्मीरच्या पदयात्रेवर होते. त्यांनी निवृत्त मेजर जनरल यदुनाथसिंह यांना त्याच्याकडे पाठवलं, आणि मे १९६० मध्ये स्वतः या भागात पायी आले. महिनाभरात वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. त्यांत मानसिंहाच्या टोळीतला लोकमन दीक्षित, म्हणजे लुक्का, हाही होता.

गागोद्यात जन्मलेला, बडोद्यात वाढलेला हा माणूस बीहडात निःशस्त्र फिरला, याचं आपल्याला कौतुक वाटतं आणि ते वाटावंच. पण कचेऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर चित्र अवघड होतं. मुख्यमंत्री होते कैलासनाथ काटजू. मुरलेले वकील, केंद्राचे माजी गृहमंत्री. सरकारची भूमिका अशी की कायदा आपल्या वाटेने जाईल. पोलीस महानिरीक्षक होते के. एफ. रुस्तमजी, आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. त्यांच्याच पोलिसांनी आदल्या वर्षी गब्बरसिंहाला संपवलं होतं. रुस्तमजींनी या मोहिमेवर उघड टीका केली : डाकूंचा गौरव होतो आहे आणि जीव धोक्यात घालणाऱ्या शिपायाचं मन खचतं आहे.

रुस्तमजींना खलनायक ठरवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्यांचा प्रश्न खरा होता. ज्या शिपायाचा सोबती गोळी लागून पडला, त्याला कुणी विचारलं होतं का? विनोबांची चाल करुणेची होती, पण ती पोलिसांना बाजूला ठेवून झाली. एक चाक फिरलं, शेजारचं चाक उलट्या दिशेला ओढत राहिलं.

पुढे काय झालं? खटले नेहमीच्याच न्यायालयांत उभे राहिले. ज्याच्या नावावर तीन राज्यांत गुन्हे, त्याला तीन राज्यांच्या न्यायालयांत उभं राहणं भाग. एका ठिकाणी सुटला तरी दुसरीकडचं वॉरंट तयार. चंबळ घाटी शांती समितीने वकील दिले. काही जण निर्दोष सुटले, काहींना जन्मठेप झाली. फाशी कुणालाच झाली नाही. तहसीलदारसिंहाची फाशीही राष्ट्रपतींनी जन्मठेपेत बदलली. पण हे सगळं सुटंसुटं घडलं, ठरवून नव्हे. म्हणून वीसांच्या पुढे आकडा गेला नाही. बीहडात उरलेल्यांनी पाहिलं की शब्द साधूचा आहे, सरकारचा नाही.

१९७२ : आधी बोलणी, मग बंदुका

ऑक्टोबर १९७१ मध्ये पाटण्याला जयप्रकाशांच्या घरी रामसिंह नावाचा एक ठेकेदार आला. थोड्या वेळाने त्याने खरं नाव सांगितलं : माधोसिंह. त्या काळातला बीहडातला एक मोठा सरदार. तो आधी पवनारला विनोबांकडे जाऊन आला होता. विनोबांनी क्षेत्रसंन्यास घेतलेला, त्यांनी त्याला जेपींकडे जायला सांगितलं.

इथे जेपींनी जे केलं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ते लगेच बीहडात गेले नाहीत. ते आधी कचेऱ्यांत गेले. पंतप्रधान इंदिरा गांधी, केंद्रीय गृहखातं, आणि मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान या तिन्ही राज्यांचे मुख्यमंत्री, असे सगळे दरवाजे त्यांनी ठोठावले. मध्य प्रदेशात जानेवारी १९७२ मध्ये प्रकाशचंद्र सेठी मुख्यमंत्री झाले होते. त्यांनी साथ दिली. जेपींनी माफी मागितलीच नाही. त्यांचं म्हणणं असं : खटले चालवा, शिक्षा करा, फक्त फाशी नको. आणि मागे राहिलेल्या बायकापोरांची काही सोय करा.

आता हे आश्वासन कायद्यात बसतं कसं? सरकार न्यायाधीशाला अमुक शिक्षा दे म्हणून सांगू शकत नाही. पण राज्यघटनेच्या कलम ७२ खाली राष्ट्रपतींना आणि कलम १६१ खाली राज्यपालांना शिक्षा बदलण्याचा अधिकार आहे, आणि तो अधिकार सरकारच्या सल्ल्याने चालतो. म्हणजे न्यायालयाने आपलं काम करायचं, आणि फाशी आलीच तर ती अमलात येऊ द्यायची नाही, हे सरकारच्या हातात होतं. न्यायालयाची पायरी न ओलांडता शब्द देता येतो, तो असा.

पोलिसांचाही वाटा या वेळी वेगळा होता. मुरैना जिल्ह्यात पगारा गाव आणि त्याचा परिसर शांतिक्षेत्र ठरला. तिथे जमणाऱ्या बागींना पोलिसांनी हात लावायचा नाही. १९६० मध्ये बाजूला पडलेलं पोलीस खातं इथे कराराचा भाग होतं. हात आखडता घेणं हेसुद्धा पोलिसाचं कामच असतं, आणि ते बंदूक चालवण्यापेक्षा सोपं नसतं. मोहरसिंहाच्या डोक्यावर दोन लाखांचं इनाम होतं. असा माणूस समोरून चालत जातो आहे आणि आपण बघत राहायचं!

१४ एप्रिल १९७२ ला जौऱ्याला, एस. एन. सुब्बराव यांच्या महात्मा गांधी सेवाश्रमात, मोहरसिंह आणि माधोसिंह यांच्यासह अनेकांनी शस्त्रं ठेवली. पुढच्या काळात हा आकडा शेकड्यांत गेला. १९६० चे वीस आणि १९७२ चे शेकडो, यांतला फरक केवळ जेपींच्या वलयाचा नव्हे. या वेळी शब्दामागे कचेऱ्या उभ्या होत्या.

न्यायालय, तुरुंग आणि मुंगावली

शस्त्रं ठेवलेली माणसं आपल्या ग्वाल्हेरच्या सेंट्रल जेलमध्ये आली. खटल्यांसाठी विशेष न्यायालयं नेमली गेली. अनेकांनी गुन्हे कबूल केले. एका दृष्टीने पाहिलं तर पोलिसांचं आणि न्यायालयाचं निम्मं ओझं इथेच उतरलं, कारण बीहडातल्या दरोड्याला साक्षीदार मिळणं हीच मोठी पंचाईत असायची. गावातला माणूस साक्ष देऊन पुन्हा त्याच गावात राहणार कसा?

मग आला तुरुंगाचा प्रश्न. घोड्यावर आणि पायी शेकडो कोस भटकलेली माणसं भिंतीआड ठेवायची, आणि वीस वर्षांनी एकदम बाहेर काढायची? त्यावर उपाय म्हणून १९७३ मध्ये मुंगावलीला, तेव्हाच्या गुना आणि आताच्या अशोकनगर जिल्ह्यात, 'नवजीवन शिबिर' नावाचा खुला तुरुंग सुरू झाला. उंच तट नाहीत, शेतीचं काम, आणि पहारा मुख्यतः कैद्याच्या शब्दाचा.

ही कल्पना आपल्याला परकी वाटायला नको. १९३९ मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ, भवानराव पंतप्रतिनिधींच्या राज्यात मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने 'स्वतंत्रपूर' वसवलं गेलं ते याच विचाराने. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) त्याच प्रयोगावरून सुचला. कथा होती त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांची. उत्तर प्रदेशात १९५२ मध्ये चकियाजवळ चंद्रप्रभा नदीच्या धरणाच्या कामावर संपूर्णानंदांच्या प्रेरणेने कैद्यांची खुली छावणी झाली. म्हणजे मुंगावली आकाशातून पडली नाही. तिच्यामागे तीस-पस्तीस वर्षांची परंपरा होती, आणि तिचं एक मूळ मराठी संस्थानात होतं.

सुटकेचा हिशेब

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असं आपण बोलण्यात सहज म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. त्यात सूट द्यायची की नाही हे सरकारने ठरवायचं. तुरुंगात चांगली वर्तणूक, काम, शिस्त यांबद्दल दिवस जमा होतात, पण ते जमा झाले म्हणून दार आपोआप उघडत नाही. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली (आधी १८९८ ची, आणि १ एप्रिल १९७४ पासून नवी) शेवटची सही सरकारची असायची.

सूट म्हणतो ती ही. माफीत गुन्ह्याची शिक्षाच पुसली जाते. सुटीत न्यायालयाचा निकाल जागच्या जागी राहतो, फक्त भोगायची मुदत कमी होते. मोहरसिंह सुमारे आठ वर्षांनी बाहेर आला तो असा, शिक्षा झालेला गुन्हेगार म्हणूनच. पुढे तो मेहगावात राहिला, तिथल्या नगर पंचायतीचा अध्यक्षही झाला, आणि मे २०२० मध्ये वारला.

सुटीच्या शेजारी आणखी एक दार आहे, ते परिवीक्षेचं. मध्य प्रदेशाचा १९५४ चा कैदी परिवीक्षा-मुक्ती कायदा आहे. गंमत पाहा, १९५४ मध्ये मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि ग्वाल्हेर त्या राज्यात नव्हतंच! नागपूरच्या विधानसभेतला हा कायदा पुढे आपल्याकडे आला. त्याप्रमाणे शिक्षेचा ठरावीक भाग भोगलेल्या कैद्याला सरकार परवाना देऊन बाहेर राहू देतं, मात्र एखाद्या पालकाच्या किंवा संस्थेच्या देखरेखीखाली. अट मोडली की परवाना रद्द. नियमांनी काही गंभीर गुन्हे त्यातून वगळलेले आहेत, त्यामुळे हे दार सगळ्यांना उघडं नाही. पण कायद्याची साखळी कशी चालते ते इथे उत्तम दिसतं : कायदा विधिमंडळाचा, शिक्षा न्यायालयाची, वर्तणुकीचा दाखला तुरुंगाचा, गावातल्या परिस्थितीचं मत जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांचं, निर्णय सरकारचा, आणि देखरेख गावातल्या कुणा भल्या माणसाची.

१९७८ मध्ये संसदेने हे गणित बदललं. कलम ४३३-अ आलं : ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सुटका नाही. मारू राम खटल्यात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं, पण १८ डिसेंबर १९७८ च्या आधी शिक्षा झालेल्यांना ते लावायला नकार दिला. त्याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की परिवीक्षेच्या परवान्यावर बाहेर काढलेला काळ हा मोकळ्या प्रकारचा कारावासच आहे आणि तो चौदा वर्षांत धरावा. १९७२ च्या समर्पणातल्या ज्यांना त्याआधीच शिक्षा झाल्या होत्या, त्यांच्यावर नव्या कलमाचा घाला पडला नाही. कायदा उलट्या दिशेने लावला असता तर जौऱ्यात दिलेला शब्द दिल्लीत मोडला असता.

१९८३ : एक चाक थांबलं तर

तिसरा प्रयोग भिंडचा. १९८१ मध्ये मध्य प्रदेशाने डकैती आणि अपहरणप्रभावित क्षेत्रांसाठी वेगळा कायदा केला. विशेष न्यायालयं आली, जामीन अवघड झाला. हाच तो 'डकैती अधिनियम', ज्याचं '११/१३' हे कलम आपण आजही ग्वाल्हेरच्या गुन्ह्यांच्या बातम्यांत वाचतो. एका हातात हा कायदा, दुसऱ्या हातात बोलणी. मुख्यमंत्री अर्जुनसिंह यांच्यापुढे जून १९८२ मध्ये मलखानसिंहाने आणि १२ फेब्रुवारी १९८३ ला फूलनदेवीने शस्त्रं ठेवली.

फूलनच्या अटी होत्या : फाशी नको, सोबत्यांना आठ वर्षांहून जास्त तुरुंग नको, आणि उत्तर प्रदेशाच्या ताब्यात देऊ नका. मध्य प्रदेशाने शब्द दिला. पण बेहमईचं हत्याकांड, ज्यात १४ फेब्रुवारी १९८१ ला वीस माणसं मारली गेली, ते उत्तर प्रदेशातलं. तिथलं सरकार आणि पोलीस या कराराच्या मुळाशी नव्हते. आरोपी एका राज्याच्या तुरुंगात, खटले दुसऱ्या राज्याच्या न्यायालयात, आणि दोघांमध्ये पूल नाही. नावावर ४८ गुन्हे असलेली ती बाई अकरा वर्षं खटल्याविना तुरुंगात राहिली. १९९४ मध्ये सुटली ती खटल्याच्या निकालाने नव्हे, तर उत्तर प्रदेश सरकारने खटले मागे घ्यायचं ठरवल्यावर. बेहमईचा खटला रेंगाळत राहिला. निकाल लागला फेब्रुवारी २०२४ मध्ये, एकाला जन्मठेप आणि एक निर्दोष. घटनेला ४३ वर्षं झाली होती.

१९७२ मध्ये जेपींनी तिन्ही राज्यांना आधी एका बाजूला आणलं होतं. १९८३ मध्ये तसं झालं नाही. फरक एवढाच, पण त्याची किंमत दोघांनी मोजली. आरोपीने अकरा वर्षं निकालाविना काढली आणि मेलेल्यांच्या बायकांनी जन्म काढला.

ज्यांची खुर्ची नव्हती

या सगळ्या साखळीत एक खुर्ची रिकामी राहिली : ज्यांच्या घरची माणसं मारली गेली त्यांची. पाचही कचेऱ्या उत्तम जुळल्या तरी हा प्रश्न सुटत नाही. बागीच्या मुलाच्या शाळेची सोय बोलण्यात आली, आणि ती यायलाच हवी होती. पण ज्याचा बाप पकडीत नेला आणि परत आलाच नाही, त्या मुलाला समर्पणाच्या दिवशी मंडपात कुणी बसवलं? रुस्तमजींनी शिपायाच्या बाजूने जो प्रश्न केला, तोच पीडितांच्या बाजूने करायला हवा. मला वाटतं, माफी आणि सूट यांतला फरक त्यांच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा आहे. माफी म्हणजे त्यांच्या दुःखाची नोंदच पुसणं. सुटीत निकालाच्या कागदावर गुन्हा राहतो, मेलेल्याचं नाव राहतं. कमी असेल, पण काहीच नाही असं नाही.

म्हणून पुन्हा कुणी "जेपींनी माफी दिली" म्हणालं की त्याला थांबवा. त्यांनी तीन राज्यांच्या कचेऱ्या एका वेळी एका दिशेने चालवल्या, हे त्यांचं खरं काम.

शेवटी एक विनंती. लष्करातल्या आपल्या अनेक घरांतली माणसं त्या काळात न्यायालयात कारकून होती, वकिली करत होती, तुरुंगखात्यात किंवा पोलिसांत नोकरीला होती. १९७२ ते १९८० या काळातली त्यांची रोजनिशी, पत्रं, खटल्यांच्या टिपणांच्या वह्या माळ्यावर पडल्या असतील तर रद्दीत घालू नका. मंडळाला कळवा, आम्ही येऊन छायाप्रती काढू आणि मूळ कागद जसेच्या तसे परत देऊ. फोटो जौऱ्याचे पुष्कळ आहेत. पुढच्या आठ वर्षांचे कागद मात्र फार थोड्यांनी जपले.